श्रवणाकडून दर्शनाकडे : पॉडकास्ट उद्योगाचा विस्तार आणि रायगड किनाऱ्याची वाणी — एक चिकित्सा

सारांश

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उदयास आलेले पॉडकास्ट हे माध्यम आज जागतिक पातळीवरील एक मोठा उद्योग बनले आहे. मराठी भाषेतही गेल्या दशकभरात या माध्यमाचा वेगाने प्रसार झालेला दिसतो. या प्रसाराचे कौतुक करताना दोन प्रश्नांकडे मात्र दुर्लक्ष होते. पहिला प्रश्न रूपाचा आहे : श्राव्य म्हणून जन्मलेले हे माध्यम श्राव्य राहिले आहे काय? दुसरा प्रश्न वाणीचा आहे : या माध्यमातून कोणाची मराठी ऐकू येते आणि कोणाची येत नाही? प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीचा भाषिक व सांस्कृतिक परिसर डोळ्यांसमोर ठेवून या दोन प्रश्नांची चिकित्सा केली आहे.

प्रस्तावना

कोणतेही नवे माध्यम अवतरले की त्याविषयी दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटतात. एक वर्ग त्यास क्रांती म्हणून डोक्यावर घेतो, तर दुसरा वर्ग त्यास उथळपणाचे साधन ठरवून मोकळा होतो. मुद्रणकला, ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी, दूरदर्शन या सर्वांच्या वाट्याला हे आले. पॉडकास्टही त्यास अपवाद नाही. समीक्षेचे काम या दोन्ही टोकांपासून दूर राहून माध्यमाचे अंगभूत सामर्थ्य कोणते, प्रत्यक्ष व्यवहारात त्याचा किती वापर होतो आणि या दोहोंतील अंतराची कारणे कोणती, हे तपासण्याचे असते.

मराठीत पॉडकास्टविषयी जे लिहिले जाते ते बहुधा उद्योगाच्या भाषेत लिहिले जाते. श्रोत्यांची संख्या, जाहिरातींचे उत्पन्न, पुढील पाच वर्षांतील अपेक्षित वाढ, असे त्याचे स्वरूप असते. ही माहिती उपयुक्त आहे. परंतु एखाद्या भाषेच्या वाङ्मयव्यवहारात त्या माध्यमाने कोणती भर घातली, हे आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी त्या भाषेच्या स्वतःच्या श्रवणपरंपरेकडे वळावे लागते. रायगडचा किनारा या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या या चिंचोळ्या पट्ट्यात आगरी, कोळी, कोकणी मुसलमानांची बोली, कातकरी बोली आणि कोर्लईची पोर्तुगीजोद्भव भाषा अशी विविध वाणी एकमेकींना लागून नांदत आली आहे. या पट्ट्यातील बरेचसे ज्ञान लिखित नाही. ते बोलण्यात आहे.

१. संज्ञा, तंत्र आणि विस्तार

‘पॉडकास्ट’ हा शब्द ‘आयपॉड’ हे उपकरण आणि प्रक्षेपणवाचक ‘ब्रॉडकास्ट’ या दोन शब्दांच्या संयोगातून घडला. ब्रिटिश पत्रकार बेन हॅमर्स्ली यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये ‘द गार्डियन’ या दैनिकातील लेखात तो प्रथम वापरला. तत्पूर्वी डेव्ह वायनर यांनी आरएसएस या पद्धतीत ध्वनिफीत जोडण्याची सोय केली होती व अ‍ॅडम करी यांनी तिचा प्रसार केला होता. जून २००५ मध्ये अ‍ॅपल कंपनीने आपल्या आयट्यून्स या प्रणालीत पॉडकास्टचा समावेश केला आणि त्याच वर्षी ‘न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी’ने या शब्दाची वर्षाचा शब्द म्हणून निवड केली.

आरएसएस या तंत्राचे वैशिष्ट्य नीट ध्यानात घेतले पाहिजे, कारण पुढील विवेचनाचा बराच भार त्यावर आहे. या पद्धतीत ध्वनिफीत निर्मात्याच्या ताब्यातील जागेवर असते, तिचा पत्ता सर्वांस खुला असतो आणि श्रोता कोणत्याही उपकरणावर ती उतरवून घेऊन स्वतःजवळ ठेवू शकतो. मध्यस्थाची परवानगी लागत नाही. आकाशवाणीस लहरींचा परवाना लागतो, दूरचित्रवाणीस भांडवल लागते. पॉडकास्टला आरंभी यांपैकी काहीच लागत नव्हते. या अर्थाने ते लघुअनियतकालिकाचे श्राव्य भावंड होते असे म्हणता येईल.

प्रारंभीची दहा वर्षे हे माध्यम हौशी मंडळींपुरते राहिले. एडिसन रिसर्च या संस्थेच्या पाहणीनुसार २००६ साली अमेरिकेतील केवळ ११ टक्के लोकांनी कधी तरी पॉडकास्ट ऐकले होते. २०१४ साली ‘सीरियल’ या गुन्हेशोधविषयक मालिकेने या माध्यमास अभूतपूर्व लोकप्रियता मिळवून दिली. २०२५ च्या त्याच पाहणीत १२ वर्षांवरील ५५ टक्के अमेरिकी दर महिन्यास पॉडकास्टचा आस्वाद घेत असल्याचे नोंदविले गेले. तेथील पॉडकास्ट जाहिरातींचे उत्पन्न २०२१ साली सुमारे १४० कोटी डॉलर होते, ते २०२४ साली सुमारे २४० कोटी डॉलरवर गेले.

भारतात या वाढीस कारण झाले ते स्वस्त झालेले इंटरनेट. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर गावोगावच्या भ्रमणध्वनींवर ध्वनी व चित्र सहज पोहोचू लागले. पीडब्ल्यूसी या सल्लागार संस्थेने २०१८ अखेर भारतात दरमहा ४ कोटी पॉडकास्ट श्रोते असल्याचे सांगून अमेरिका व चीन यांच्या पाठोपाठ भारतास तिसरे स्थान दिले, आणि २०२३ पर्यंत हा आकडा १७ कोटी ६० लाखांवर जाईल असे भाकीत केले. असे आकडे श्रोत्यांची मोजदाद करतात. त्या श्रोत्यांनी कोणत्या भाषेत काय ऐकले, हे ते सांगत नाहीत.

२. मराठीची श्रवणपरंपरा

अमेरिकी विचारवंत वॉल्टर ऑन्ग यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ‘द्वितीय मौखिकता’ ही संकल्पना मांडली. लेखन व मुद्रण पचविलेल्या समाजात विद्युत माध्यमांच्या द्वारे जी नवी मौखिकता अवतरते, तिला त्यांनी हे नाव दिले. पहिली मौखिकता गेली, मधला काळ अक्षराचा आला आणि मग दुसरी मौखिकता आली, असा क्रम त्यात गृहीत आहे. महाराष्ट्रात मात्र पहिली मौखिकता कधीच पूर्णपणे गेली नाही. कीर्तन, प्रवचन, निरूपण, पोवाडा व भारूड हे प्रकार छापखान्याच्या काळातही जोमाने चालू राहिले. पॉडकास्टचा मराठी श्रोता हा ऐकण्याची कला विसरलेला व ती नव्याने शिकणारा श्रोता नाही. त्याच्या कानाला वळण आधीच लागलेले आहे.

रायगड जिल्ह्यातच याची ठळक उदाहरणे आढळतात. समर्थ रामदासांनी महाडजवळील शिवथरघळीत दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. ग्रंथाची घडण गुरुशिष्यांच्या संवादाची आहे आणि त्यात श्रवणास स्वतंत्र स्थान दिले आहे. चौथ्या दशकाचा प्रारंभ श्रवणभक्तीने होतो, तर सातव्या दशकात श्रवणनिरूपणाचे समास येतात. याच ग्रंथाच्या आधारे रेवदंड्याचे नारायण विष्णु तथा नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ साली निरूपणाच्या बैठका सुरू केल्या. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी एकत्र बसून ऐकणे, ही शिस्त या किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांच्या तीन पिढ्यांनी पाळली आहे.

दुसरे उदाहरण विनोबा भावे यांचे. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळातील अठरा रविवारी अठरा अध्यायांवर ती झाली आणि सहबंदी असलेल्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. ‘गीता प्रवचने’ या पुस्तकाची भाषा आजही बोलकी वाटते, याचे कारण ती मुळात बोललेली आहे. दर आठवड्यास एक भाग, प्रत्येक भागास एक विषय, समोर ठरलेला श्रोतृवर्ग आणि मागे राहिलेली नोंद, ही सर्व लक्षणे आजच्या पॉडकास्ट मालिकेची म्हणून सांगितली जातात. ती येथे तंत्राविना आढळतात.

तिसरे उदाहरण कमी परिचित, परंतु अधिक उद्बोधक आहे. अलिबागजवळील नवगाव येथे आपले पूर्वज उतरले असे मानणाऱ्या बेने इस्राएल समाजाने १८८० च्या सुमारास मराठी कीर्तनाचा साचा स्वीकारून बायबलमधील चरित्रांवर कीर्तने सुरू केली. दिवेकर, अष्टमकर यांसारखी या समाजातील आडनावे दिवेआगर, अष्टमी या गावांवरून आलेली आहेत. आख्यान हिब्रू परंपरेचे आणि साकी, दिंडी, ओवी मराठी, असा तो मेळ होता. श्राव्य रूप हे धर्म व ग्रंथ यांच्या सीमा ओलांडून जाते, याचा याहून चांगला पुरावा क्वचितच सापडेल.

या तिन्ही उदाहरणांत एक समान धागा आहे. वाणी टिकली ती लेखनामुळे. मात्र टिकले ते शब्द, स्वर हरपला. विनोबा कोठे थांबले, कोठे हसले, कोणत्या शब्दावर त्यांनी जोर दिला, हे साने गुरुजींची लेखणी कितीही तत्पर असली तरी टिपू शकली नाही. ध्वनिमुद्रणाच्या माध्यमाचे अनन्यसाधारण महत्त्व येथे आहे. बोलणाऱ्याचे सर्वस्व, म्हणजे शब्दासह श्वास, हेल आणि मौन, ते जतन करू शकते. पॉडकास्टचे मूल्यमापन याच कसोटीवर झाले पाहिजे.

३. आकाशवाणीचा वारसा : मर्यादेतून आलेली घडण

मराठी श्राव्य वाङ्मयाचा आधुनिक इतिहास आकाशवाणीपासून सुरू होतो. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुण्याचे केंद्र १९५३ साली. या केंद्रांनी भाषण, श्रुतिका, नभोनाट्य, संगीतिका, रूपक असे प्रकार मराठीत रुजविले. व्यंकटेश माडगूळकरांसारखा ग्रामीण कथेचा श्रेष्ठ लेखक पुणे केंद्रावर दीर्घकाळ नोकरीस होता, ही गोष्ट केवळ चरित्रातील तपशील म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीस सुरू झालेले आणि १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीस समाप्त झालेले ‘गीतरामायण’ हे मराठी श्राव्य मालिकेचे सर्वोच्च शिखर होय. सीताकांत लाड यांची प्रेरणा, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत यांतून वर्षभरात ५६ गीते सिद्ध झाली. आठवड्याच्या मुदतीत गीत लिहून, चाल लावून, बसवून प्रक्षेपित करावयाचे, या सक्तीने कलाकृतीचे नुकसान झाले नाही. उलट तिला एक घट्ट घडण लाभली. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’ या मालिकेतील पंत, मीनावहिनी व टेकाडे भावजी यांचा संसार बाळ कुडतरकर, नीलम प्रभू व प्रभाकर जोशी यांनी केवळ आवाजाच्या बळावर उभा केला. श्रोत्यांना त्यांचे चेहरे दिसत नव्हते. म्हणूनच ते प्रत्येकाच्या घरातले वाटले.

आकाशवाणीस मर्यादा होत्याच. ती शासनाची होती, तिची भाषा बरीचशी प्रमाण मराठी होती आणि जे थेट प्रक्षेपित झाले व मुद्रित झाले नाही ते हवेत विरून गेले. तथापि दहा-पंधरा मिनिटांच्या ठरीव वेळेमुळे वक्त्यास आपला विषय आधी लिहून, निवडून, घासूनपुसून आणावा लागे. संपादन हा त्या व्यवहाराचा कणा होता. पॉडकास्टने वेळेचे बंधन दूर केले. ते करताना संपादनाची शिस्तही गेली काय, हे आता पाहावयाचे आहे.

४. मराठी पॉडकास्टचे आजचे रूप

आजच्या मराठी पॉडकास्टचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार वृत्तविषयक. बीबीसी मराठीचे ‘तीन गोष्टी’, ‘सोपी गोष्ट’ व ‘गोष्ट दुनियेची’ हे उपक्रम या प्रकारात येतात. निश्चित लांबी, लिखित संहिता व संपादित मांडणी यांमुळे ते आकाशवाणीच्या परंपरेस जवळचे वाटतात. दुसरा प्रकार कथात्म. २०१७ साली भारतात आलेल्या स्टोरीटेल या स्वीडिश कंपनीने मराठी बोलत्या पुस्तकांचा मोठा संग्रह उभा केला व केवळ ऐकण्यासाठी लिहिलेल्या मराठी मालिकांनाही वाव दिला. काटेकोरपणे पाहता बोलते पुस्तक म्हणजे पॉडकास्ट नव्हे. परंतु मराठी वाचकास पुन्हा श्रोता करण्याचे श्रेय त्यास द्यावे लागेल.

तिसरा आणि आज सर्वाधिक बोलबाला असलेला प्रकार गप्पांचा. ‘अमुक तमुक’, ‘मित्रम्हणे’, ‘व्हायफळ’, ‘थिंक बँक’ ही नावे तरुण वर्गास सुपरिचित आहेत. या कार्यक्रमांनी केलेले एक काम निःसंशय मोलाचे आहे. मानसिक आरोग्य, दांपत्यजीवन, पालकत्व, शेअर बाजार, वैद्यक अशा विषयांवर मराठीत, अवघडल्याविना आणि तज्ज्ञाच्या तोंडून बोलता येते, हे त्यांनी दाखवून दिले. ज्ञानभाषा म्हणून मराठीच्या क्षमतेविषयी परिसंवादांतून जी चिंता व्यक्त होते, तिला या गप्पांनी कृतीने उत्तर दिले आहे.

परंतु रूपाच्या अंगाने पाहता या प्रकारात तीन उणिवा जाणवतात. पहिली, पाल्हाळ. तास-दोन तास चाललेल्या संभाषणातील ऐकण्याजोगा भाग पुष्कळदा वीस मिनिटांचा असतो. मोकळेपणाच्या नावाखाली निवड करण्याची जबाबदारी श्रोत्यावर टाकली जाते. दुसरी, ध्वनीविषयीची उदासीनता. बंद खोलीतील दोन माणसांच्या आवाजाखेरीज तेथे जगातील कोणताही ध्वनी नसतो. रस्ता नाही, बाजार नाही, पाऊस नाही. आकाशवाणीच्या रूपकाने जे साधले होते ते येथे विसरले गेले आहे. तिसरी, वक्त्यांची निवड. ज्याचे नाव आधीच झाले आहे अशाच व्यक्तीस बहुधा पाचारण केले जाते. परिणामी हे माध्यम नवा आवाज शोधण्याऐवजी परिचित आवाजाची पुनरावृत्ती करते, आणि तो आवाज प्रायः पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित मराठीचा असतो.

५. श्रवणाकडून दर्शनाकडे

या उणिवांचे मूळ केवळ निर्मात्यांच्या रुचीत शोधणे अन्यायाचे ठरेल. उद्योगाच्या रचनेतच ते आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूट्यूबने दरमहा शंभर कोटींहून अधिक लोक आपल्या मंचावर पॉडकास्ट पाहतात वा ऐकतात, असे जाहीर केले. वरील गप्पांचे कार्यक्रमही मुख्यत्वे तेथेच पाहिले जातात. ‘पॉडकास्ट पाहिला’ हा प्रयोग आता मराठीत रूढ झाला आहे आणि त्यातील विसंगती कोणास खटकेनाशी झाली आहे.

दर्शनाचा हा आग्रह निरुपद्रवी नाही. चित्र आले की प्रकाशयोजना, दोन-तीन कॅमेरे, सजविलेली खोली व प्रसन्न चेहरा यांची गरज निर्माण होते. एका साध्या ध्वनिमुद्रकावर भागत होते तेथे भांडवल शिरते. मुरूडच्या वा थळच्या एखाद्या कोळीणीस मासळी निवडता निवडता आपली हकिकत सांगता आली असती. तिला आता कॅमेऱ्यासमोर ‘पाहुणी’ म्हणून बसावे लागेल. शिवाय मंचाची गणिते लक्षवेधी शीर्षकास व अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यास प्राधान्य देतात. दोन तासांच्या संभाषणातून वादग्रस्त ठरेल असे एक वाक्य काढून फिरविणे, ही त्याची परिणती होय.

यावर असा आक्षेप घेता येईल की कीर्तन हेही दृश्य असते. कीर्तनकाराचा वेष, नृत्य, हावभाव यांवाचून कीर्तन नाही. मग चित्राविषयी इतका दुरावा कशासाठी? हा आक्षेप विचारार्ह आहे. परंतु कीर्तनातील दर्शन हे समक्षतेचे आहे. श्रोता तेथे उपस्थित असतो, तो टाळी देतो, त्याच्या प्रतिसादाने आख्यान लांबते वा आटोपते. पडद्यावरील दर्शनास ही समक्षता लाभत नाही आणि शुद्ध ध्वनीने श्रोत्याच्या कल्पनेस दिलेले स्वातंत्र्यही त्यात उरत नाही. शिवाय ऐकणारा हात मोकळे ठेवून ऐकतो. जाळे विणताना, भात झोडताना, गाडी चालविताना ऐकता येते. पाहता येत नाही. श्रमणाऱ्या माणसाचे माध्यम म्हणून श्राव्य रूपाचे जे मोल आहे, ते चित्राच्या आग्रहात हरपते.

६. किनाऱ्याच्या बोली आणि त्यांचे मौन

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी भाषकांची संख्या ८ कोटी ३० लाख आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. परंतु ‘मराठी’ या एका नावाखाली ज्या अनेक वाणी नांदतात, त्यांचे काय? जाहिरातदार संख्या व क्रयशक्ती पाहतो. त्याच्या हिशेबात आगरी वा कोळी बोली हा स्वतंत्र श्रोतृवर्ग ठरत नाही. ठरला तर विनोदापुरता. आगरी बोलीतील विनोदी चित्रफिती अमाप लोकप्रिय आहेत, ही आनंदाची बाब आहे. परंतु एखादी बोली केवळ हसण्यासाठीच ऐकली जाऊ लागली, तर तो तिचा सन्मान म्हणता येत नाही. पूर्वी ध्वनिफितींच्या बाजारात कोळीगीतांचे असेच झाले. कोळ्यांचा ताल घराघरांत पोहोचला, लग्नाच्या वरातीत वाजला. कोळ्यांचे बोलणे मात्र ऐकले गेले नाही.

या बोलण्यात काय आहे? उच्चाराच्या पातळीवर ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ येणे, ही उत्तर कोकणातील या बोलींची परिचित लक्षणे. ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘डोळा’चा ‘डोला’ एवढे लिपीत दाखविता येते. वाक्याचा हेल दाखविता येत नाही. त्याहून महत्त्वाचे आहे ते ज्ञान. उधाण आणि भांग यांचे चांद्र तिथींशी असलेले नाते, डोल जाळे कोणत्या प्रवाहात लावावे याची समज, खारेपाटातील बांधबंदिस्ती व शिलोत्री पद्धतीची आठवण, हे सर्व बोलीतच साठलेले आहे. १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरात यातील काही भाग इंग्रजीत नोंदविला गेला. तो प्रशासकाच्या दृष्टीने नोंदविला गेला, सांगणाऱ्याच्या वाणीत नव्हे.

इतिहासाच्या बाबतीतही हेच दिसते. १९३३ ते १९३९ या काळात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबाग तालुक्यातील चरी व परिसरातील कुळांनी खोतीविरुद्ध संप केला. त्या संघर्षाच्या काळातच, १९३७ साली, ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र निघाले. संपाचा लिखित इतिहास उपलब्ध आहे. परंतु सहा वर्षे जमीन पडीक ठेवून घर कसे चालविले, हे स्त्रियांच्या तोंडून ऐकण्याचा काळ जवळजवळ सरला आहे. आता उरली आहे ती त्यांच्या मुलानातवंडांची स्मृती.

सर्वांत हळवा प्रश्न कोर्लईचा आहे. चौल परिसरावरील पोर्तुगिजांचा अंमल १७४० साली संपला. तरी रेवदंड्याच्या खाडीपलीकडील कोर्लई गावातील ख्रिस्ती समाजाने पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली आपली भाषा जपली. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, असे म्हणतात. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर १९९६ साली स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. ती बोलणाऱ्यांची संख्या सुमारे हजाराच्या आसपास सांगितली जाते. हजार भाषकांच्या भाषेस वृत्तपत्र परवडत नाही, प्रकाशक मिळत नाही, वाहिनीचा तर प्रश्नच नाही. पॉडकास्ट हे एकच माध्यम असे आहे की ज्यास हजार श्रोतेही पुरेसे आहेत. जगातील सर्वांत मोठ्या बाजारपेठांची भाषा करणारा हा उद्योग नेमक्या याच ठिकाणी आपल्या मूळ सामर्थ्यास विसरला आहे.

७. जतनाचा प्रश्न

आवाज नोंदविला म्हणजे तो टिकलाच असे नाही. गुगल कंपनीने २०१८ साली सुरू केलेली पॉडकास्ट सेवा २०२४ साली बंद केली. अमेरिकेतील ‘स्टिचर’ हा जुना मंच २०२३ साली बंद झाला. मुंबईत २०१५ साली सुरू झालेली आयव्हीएम पॉडकास्ट्स ही संस्था २०२० साली प्रतिलिपीने विकत घेतली. व्यवसायात अशी स्थित्यंतरे होतच असतात. ज्या कार्यक्रमांच्या फिती खुल्या आरएसएस पद्धतीने उपलब्ध होत्या, त्यांचे श्रोते दुसऱ्या मंचावर गेले. जे एकाच मंचाच्या कुलपात असते, त्याचे भवितव्य मात्र त्या मंचाच्या नफातोट्याशी बांधलेले असते. पोथी वाळवीने खाल्ली तर निदान तिचे अवशेष दिसतात; बंद झालेल्या मंचाचे अवशेषही दिसत नाहीत.

याबाबतीत महाराष्ट्रात एक अनुकरणीय उदाहरण आहे. गी पॉइतवाँ व हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचे संकलन हाती घेतले. एक लाखाहून अधिक ओव्या त्यातून लेखनिविष्ट झाल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रण झाले, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने ओव्या, त्यांचा आवाज, अनुवाद व गाणाऱ्या स्त्रियांचा परिचय सर्वांसाठी खुला केला. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने केलेले मराठीच्या बोलींचे सर्वेक्षणही ध्वनिनमुन्यांसह उपलब्ध आहे. या दोन्ही उपक्रमांत आवाजासोबत संहिता आहे, सांगणाऱ्याचे नाव व गाव आहे, आणि खुलेपणा आहे. कल्याणस्वामी व साने गुरुजी यांचे काम आणि ध्वनिमुद्रकाचे काम येथे एकत्र आले आहे. पॉडकास्टने यापासून शिकण्याजोगे पुष्कळ आहे.

महाविद्यालयांची जबाबदारी येथे सुरू होते. भाषा, इतिहास, समाजशास्त्र व माहिती तंत्रज्ञान या विभागांनी एकत्र येऊन आपापल्या परिसरातील वाणीचे दहा-पंधरा मिनिटांचे संपादित भाग तयार करणे, त्यांच्या संहिता लिहून ठेवणे, सांगणाऱ्याची संमती घेणे आणि मूळ फिती ग्रंथालयाच्या ताब्यात ठेवणे यास मोठा खर्च येत नाही. किनाऱ्यावरील विद्यार्थी घरी एक बोली बोलतो आणि वर्गात तिची लाज बाळगतो, हा अनुभव अध्यापकांस नवीन नाही. आजीचा आवाज अभ्यासाचा विषय झाला, तर ती लाज ओसरण्यास मदत होईल. इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्राएल कुटुंबांनाही आपल्या आडनावातील गाव पुन्हा ऐकता येईल.

निष्कर्ष

१. पॉडकास्टचे मूळ सामर्थ्य त्याच्या खुल्या तंत्रात, अल्प खर्चात व लहान श्रोतृवर्गास पुरे पडण्याच्या क्षमतेत आहे. उद्योगाचा विस्तार मात्र बंदिस्त मंच, वाढता खर्च व मोठा जनसमूह यांच्या दिशेने झाला आहे.

२. मराठीस श्राव्य मालिकेची स्वतंत्र व समृद्ध परंपरा आहे. निरूपण, कीर्तन, ‘गीता प्रवचने’ आणि ‘गीतरामायण’ यांतील भागश: मांडणी, संयम व घडण यांचा वारसा आजच्या गप्पाप्रधान पॉडकास्टने पुरेसा स्वीकारलेला नाही.

३. मराठी पॉडकास्टने अनेक आधुनिक विषय मराठीत सुलभपणे आणले, हे त्याचे वाङ्मयबाह्य परंतु महत्त्वाचे योगदान होय. रूपाच्या दृष्टीने पाल्हाळ, ध्वनीविषयीची उदासीनता व परिचित वक्त्यांची पुनरावृत्ती या त्याच्या उणिवा आहेत.

४. चित्राच्या आग्रहामुळे श्रमिक श्रोता आणि सामान्य वक्ता असे दोघेही या माध्यमापासून दुरावण्याची शक्यता आहे.

५. रायगड किनाऱ्यावरील आगरी, कोळी, कातकरी बोली व कोर्लईची भाषा यांच्यासाठी हे माध्यम अत्यंत अनुरूप असूनही बाजाराच्या नियमाने ते त्यांच्यापर्यंत आपोआप पोहोचणार नाही. महाविद्यालये व ग्रंथालये यांनीच हे काम हाती घेणे आवश्यक आहे.

शिवथरघळीत सांगणारा होता आणि लिहून घेणाराही होता. आज ध्वनिमुद्रक प्रत्येकाच्या खिशात आहे. कोर्लईत, चरीत, थळच्या किनाऱ्यावर सांगणारे अजून आहेत; परंतु दरवर्षी त्यांची संख्या घटत आहे आणि उद्योगाच्या कोणत्याही अहवालात या घटीची नोंद होत नाही.